आणलेले पाणी आणि घालवायचे पाणी

आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यात मुरबाडहून सिद्धगडाच्या वाटेला लागलेला माणूस नुसता भिजत नाही. तो पाण्यातूनच चालत असतो. पायाखालची वाट ओढा झालेली असते, डाव्या हाताचा कडा धबधबा झालेला असतो, आणि समोरचे रान ढगात नाहीसे झालेले असते. भीमाशंकरच्या रांगेतला हा सुमारे तीन हजार फूट उंचीचा गड. या रांगेच्या माथ्यावर पडलेला एखादा थेंब वाऱ्याने पूर्वेकडे ढकलला, तर तो भीमेच्या वाटेने कृष्णेला मिळतो आणि बंगालच्या उपसागरापर्यंत प्रवास करतो. तोच जर पश्चिमेला घसरला, तर मुरबाडच्या ओढ्यानाल्यांतून उल्हासच्या खोऱ्यात उतरतो आणि दोनच दिवसांत कल्याणची खाडी गाठतो.

श्रोतेहो, आजचे माझे भाषण पुराविषयी आहे, आणि त्याचा आरंभ मी एका गडावरून करतो आहे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण कारण आहे. सिद्धगडावर इतका पाऊस पडतो, आणि तिथे पूर आला असे कोणी कधी म्हणत नाही. पाणी येते आणि जाते. थोडेसे, माणसाला लागेल तेवढेच, कातळात खोदलेल्या टाक्यांत अडवून ठेवलेले असते. बाकीच्याला वाट मोकळी. गड बांधणाऱ्याने दोन्ही हिशेब केलेले होते: किती ठेवायचे आणि किती सोडायचे. मुंबई शहराने यांपैकी पहिला हिशेब फार हुशारीने केला. दुसरा मात्र आजवर नीटसा जमलेला नाही. त्या दुसऱ्या हिशेबाची हकिकत आज सांगायची आहे.

आधी पहिल्याविषयी थोडेसे. मुंबईचे पिण्याचे पाणी मुंबईचे नव्हेच, हे आपल्याकडे शहापूर तालुक्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. १८५४ साली शहरात पाण्याचे भयंकर दुर्भिक्ष झाले. त्यानंतर हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या योजनेप्रमाणे विहारचे धरण हाती घेतले गेले आणि १८६० साली त्याचे पाणी शहरात खेळू लागले. १८७९ साली तुळशी झाला. तेवढ्यावर भागेना, म्हणून साल्सेट बेट ओलांडून लोक थेट शहापूरच्या रानात आले आणि १८९२ साली तानसा उभा राहिला. पुढे १९५७ साली वैतरणेवरचे मोडकसागर झाले. नानासाहेब मोडक या महापालिकेच्या मराठी इंजिनिअरचे नाव त्याला दिलेले आहे. त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा, भातसा, आणि २०१४ साली मध्य वैतरणा. यांतली बहुतेक धरणे शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या शिवेवर आहेत. आज रोज सुमारे ३८५० दशलक्ष लिटर पाणी मुंबईला मिळते. त्याचा मोठा वाटा डोंगराच्या उताराने, आपल्याच वजनाने शहरापर्यंत चालत येतो. (ज्या गावांच्या शेजारून हे नळ जातात, त्यांतल्या कित्येक पाड्यांत चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, हा वेगळ्या भाषणाचा विषय, पण मनात आल्यावाचून राहत नाही.)

पाण्याबरोबर वीजही डोंगरानेच दिली. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ सालचे, भिवपुरीचे १९२२ सालचे. सह्याद्रीवर पडलेला पाऊस तळ्यांत साठवायचा, कड्यावरून नळातून खाली सोडायचा आणि त्यावर गिरण्या चालवायच्या, अशी ती योजना. १९४२ साली भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडायला घेतले, ते मुंबईची नाडी नेमकी कुठे आहे हे ओळखूनच. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या परिसरात कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. दर वर्षी त्या दिवशी तिथे माणसे जमतात. सांगायचे एवढेच, की डोंगर आणि शहर यांचे नाते जुने आहे, घट्ट आहे, आणि ते उतारावर उभे आहे.

आता या उताराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ या.

मुंबई ही मुळात सात बेटे, हे आपण शाळेत शिकलो. पण त्या बेटांच्या मधे काय होते, हे शाळेत फारसे सांगत नाहीत. मधे होती खाजणे, म्हणजे भरतीला समुद्र आणि ओहोटीला चिखल. ‘पायधुणी’ हे नाव पाहा. चिखलातून पलीकडे आलेली माणसे तिथे पाय धूत, म्हणून ते नाव पडले असे सांगतात. ‘उमरखाडी’ तर स्वतःच सांगते आहे, की मी खाडी आहे. आज त्या जागी चार-चार मजल्यांच्या इमारती आहेत. नावे मात्र बुजवता आली नाहीत.

यांतली सर्वांत मोठी फट महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधे होती. भरतीचे पाणी तिथून आत घुसे ते थेट भायखळ्याच्या अंगाला पसरे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत ही फट बांध घालून बुजवण्याचे ठरले आणि १७८४ च्या सुमारास काम पुरे झाले. हाच तो हॉर्नबी वेलार्ड. याची एक आख्यायिका आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. बांध घालावा तो रात्रीतून खचावा, असे पुन्हापुन्हा होऊ लागले. तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थाच्या स्वप्नात महालक्ष्मी आली. मी समुद्रात आहे, मला वर काढ, मग बांध टिकेल, असे तिने सांगितले. मूर्ती सापडल्या, देऊळ झाले, बांध टिकला. आख्यायिका ती आख्यायिका. पण तिच्यातली एक गोष्ट मला फार खरी वाटते: समुद्राची जागा घ्यायची तर त्याच्याशी काही तडजोड करावी लागते, हे त्या काळच्या माणसाला कळत होते.

बांधाने समुद्र बाहेर राहिला. आतली जमीन मात्र होती तेवढीच खोल राहिली. ताडदेव, कामाठीपुरा, भायखळ्याच्या पश्चिमेचा सारा सखल पट्टा हा भरतीच्या पातळीच्या खाली. साहेब लोक त्याला ‘फ्लॅट्स’ म्हणत. आता पाहा, समुद्राला येऊ न देणारा बांध पावसाच्या पाण्याला जाऊ देत नाही. परातीचा काठ जसा बाहेरचे आत येऊ देत नाही, तसाच आतले बाहेर सांडू देत नाही. म्हणून शहराच्या मधून एक मोठा नाला काढला गेला आणि तो वरळीच्या बाजूला फाटकांपाशी नेऊन सोडला. ओहोटी लागली की फाटके उघडायची, पाणी बाहेर जाऊ द्यायचे. भरती आली की बंद करायची.

ही युक्ती कोणा विलायती माणसाच्या डोक्यातून निघाली असे मानण्याचे कारण नाही. ठाणे-कुलाब्याच्या खाडीकाठचा शेतकरी खाजणाला बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवत आलेला आहे. त्या खारबांधात तो एक लाकडी दार बसवतो, त्याला ‘उघाडी’ म्हणतात. भरतीचे पाणी बाहेरून रेटते, दार आपोआप मिटते. ओहोटी लागते, आतले पावसाचे पाणी रेटते, दार उघडते. ना वीज, ना पहारेकरी. उघाडीत काटकी अडकली तर एका भरतीत खारे पाणी शिरते आणि त्या शेताचे भात जाते. म्हणून घरातला एक माणूस रात्री कंदील घेऊन उघाडी पाहायला जातोच जातो. पुढे १९४८ साली मुंबई राज्याने खारभूमीसाठी कायदाही केला. ही उघाडी लक्षात ठेवा, श्रोतेहो. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

१८६० साली विहारचे पाणी आले तेव्हा शहरात मोठा आनंद झाला. आणि लगेच एक नवीच पंचाईत उभी राहिली. विहिरीतून दोन घागरी शेंदून भागवणारे घर नळ आल्यावर दहा घागरी सांडते. ते सांडलेले पाणी जायचे कुठे? आणण्याची व्यवस्था झाली होती, घालवण्याची झाली नव्हती. त्याच ‘फ्लॅट्स’वर ते साठू लागले, कुजू लागले. १८६५ साली नवा म्युनिसिपल कायदा आला आणि आर्थर क्रॉफर्ड हे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यानंतर गटारांच्या योजनांवर कॅप्टन टलक आणि रिएन्झी वॉल्टन यांच्यासारख्या इंजिनिअरांनी पुष्कळ खल केला. विलायतेत १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटला नाक दाबावे लागले होते आणि त्यानंतर बॅझलजेटने लंडनखाली प्रचंड गटारे बांधली होती. त्यामुळे या विषयाला त्या दिवसांत मोठी प्रतिष्ठा होती. पण लंडनला वर्षाकाठी पडतो सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस, तोही बारा महिने रिमझिम. मुंबईला पडतो दोन हजारांच्या वर, आणि तो चार महिन्यांत. हा फरक कागदावर सर्वांना ठाऊक होता. जमिनीखाली किती उतरला, तो प्रश्न निराळा.

शेवटी दोन वाटा झाल्या. मैल्याची एक, पावसाची दुसरी. मैल्यासाठी वरळीला लव्ह ग्रोव्ह येथे १८८० च्या दशकात पंप बसले. पुढे १८९६ साली प्लेग आला तेव्हा सारा राग गटारांवरच निघाला. ती कार्बोलिकने आणि समुद्राच्या पाण्याने धुऊन काढण्यात आली. १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. म्हणजे रोगाच्या भीतीने मैल्याकडे लक्ष गेले. पावसाच्या पाण्याची भीती कोणालाच नव्हती. ते येते, गुडघाभर चढते, ओहोटीला उतरते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडते. त्याच्यासाठी मोठी उदंचन केंद्रे, म्हणजे पाणी उपसून समुद्रात टाकणारी पंपगृहे, उभी राहायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

आता ही पावसाची गटारे होती तरी कशी? शहर भागातली कित्येक शंभर वर्षांहून जुनी आहेत. विटांच्या आणि दगडाच्या कमानी, आतून माणूस वाकून चालू शकेल एवढ्या मोठ्या. काम उत्तम. वाईट होता तो हिशेब. ताशी २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच पाऊस पडेल, असे धरून ती आखलेली होती. त्यात आणखी दोन गोष्टी गृहीत होत्या. पहिली, पडलेल्या पावसापैकी निम्मा जमिनीत मुरेल. दुसरी, पाऊस पडत असताना समुद्राला ओहोटी असेल.

पहिली गोष्ट एके काळी बरीचशी खरी होती. परळ-दादरला वाड्या होत्या, बागा होत्या, पुढे उपनगरांत तर भातशेतीच होती. त्यांनी पाणी प्यायचे. फरसबंदी, डांबर आणि काँक्रीट पाणी पीत नाही. जमीन झाकत गेलो तसतसा मुरणारा निम्मा पाऊसही गटाराच्या दारात येऊन उभा राहिला. गटार मात्र तेवढेच. दुसरी गोष्ट तर कधीच खरी नव्हती. पाऊस काही पंचांग बघून पडत नाही. भरती दिवसातून दोनदा येते, आणि पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिला उधाण येते.

शहराची गटारे जिथे समुद्राला किंवा खाडीला मिळतात त्या तोंडांना महापालिकेच्या भाषेत ‘पातमुख’ म्हणतात. अशी १८६ पातमुखे मोजली गेली. त्यांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली होती. आणखी १३५ सरासरीच्या वर, पण भरतीच्या खाली. राहिली सहा. म्हणजे भरतीच्या वेळी १८६ पैकी १८० तोंडांतून पाणी बाहेर जाणे तर राहोच, समुद्रच आत येणार. आणि या १८६ पैकी दार किती तोंडांना होते? तीन. फक्त तिनांना! अलीकडच्या खाडीवरचा भातशेतकरी ज्या एका लाकडी दाराशिवाय एक बिघा जमीन राखायला धजत नाही, ते दार लक्षावधींच्या शहराच्या गटारांना नव्हते.

आणखीही काही झाले. गटारांच्या आरपार पाण्याचे नळ गेले, विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा गेल्या, त्यांना कचरा अडकत गेला, त्यामागे गाळ साचत गेला. उघड्या नाल्यांवर स्लॅब पडले, स्लॅबवर दुकाने आली, कडेला झोपड्या आल्या. दर वर्षी वैशाखात नालेसफाई होते, गाळ काढून काठावर ठेवतात, आणि उचलण्याआधी पाऊस आला की तो इमानाने परत नाल्यात जातो. हा विनोद मुंबईकर इतक्या वर्षांपासून सांगत आला आहे, की त्याला आता हसूही येत नाही.

पाण्याच्या वाटेत आडवे बांध घालण्याचेही काम शहराने मन लावून केले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८५४ साली ती कल्याणला पोचली. रुळांसाठी मातीचे लांबच लांब बांध पडले आणि पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या पाण्याला लहान मोऱ्यांतून जावे लागले. १८४५ साली माहीमचा पूल आणि भराव झाला. हजारो माणसांची होडीची जिवावरची कसरत वाचली, हे पुण्यकर्मच. पण मिठी नदीचे तोंड त्याने आवळले. या मिठीची गंमत अशी, की विहार आणि पवई तलावांतून सांडणारे पाणी हाच तिचा उगम. पिण्याच्या पाण्यासाठी तिच्या डोक्यावर धरण बांधले आणि पुढे तिची आठवण ठेवली नाही. तिच्यावर विमानतळाची धावपट्टी आली, तिच्या काठची खाजणे भरून वांद्रे-कुर्ला संकुल झाले. नदी म्हणून तिला ओळखणारी पिढीच संपली. लोक तिला नाला म्हणू लागले.

१९८५ च्या पावसाळ्यात शहर असे काही बुडाले, की महापालिकेला या साऱ्याचा नव्याने विचार करावा लागला. तज्ज्ञ नेमले, पाहणी झाली, आणि १९९३ साली त्यांचा अहवाल आला. त्याने हिशेब दुरुस्त केला: ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरा, आणि जमीन काहीच मुरवणार नाही असे धरा. मोठी उदंचन केंद्रे बांधा, नाले रुंद करा. खर्च सुमारे ६१६ कोटी रुपये. रक्कम मोठी वाटली. अहवाल कपाटात गेला. बारा वर्षे तिथेच होता.

२६ जुलै २००५, मंगळवार. पुष्य नक्षत्र चालू होते. त्याच्या पावसाला आपल्याकडे ‘म्हातारा पाऊस’ म्हणतात. त्या दिवशी सकाळी कामावर गेलेल्या माणसाला आकाशात वेगळे असे काही दिसले नसेल. दुपारनंतर सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद होणार होती. तिथे साऱ्या जुलै महिन्यातही सरासरीने तेवढा पडत नाही. आणि त्याच वेळी दक्षिणेला कुलाब्यात पडला केवळ ७३ मिलिमीटर! फोर्टातल्या कचेरीत बसलेल्या माणसाला कळेचना, की उपनगरात राहिलेले आपले घर पाण्याखाली आहे. दुपारच्या एका तासात १९० मिलिमीटर पाऊस झाला. जुन्या गटारांचा हिशेब आठवा: ताशी २५ पैकी निम्मा मुरेल, म्हणजे वाहून न्यायचे साडेबारा. त्याच्या पंधरा पट पाणी एका तासात आले, आणि त्याच दुपारी समुद्राला ४.४८ मीटरची भरती होती. पातमुखे मिटली. शहर परात झाले.

एक साधे गणित करू. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. एका चौरस किलोमीटरवर तोच पाऊस दहा लाख लिटर. म्हणजे ९४४ मिलिमीटर पाऊस एका चौरस किलोमीटरवर पडला की ९४४ दशलक्ष लिटर. चार चौरस किलोमीटरवर पडला की ३७७६ दशलक्ष लिटर. हे झाले जवळजवळ मुंबईचे एका दिवसाचे सगळे पाणी! जे आणण्यासाठी आपण दीडशे वर्षे शहापूरच्या डोंगरांत धरणे बांधली, नळ टाकले, बोगदे खणले, तेवढे पाणी त्या दिवशी एखाद-दुसऱ्या उपनगरावर आकाशातून फुकट पडले. आणि मुंबईचे क्षेत्र आहे सव्वाचारशे चौरस किलोमीटरहून अधिक. सगळीकडे ९४४ पडला नाही, हे खरे. पण आणायच्या पाण्यापुढे घालवायचे पाणी किती मोठे असते, हे एवढ्यावरून ध्यानात यावे. आणि आणायच्या पाण्याला डोंगराचा उतार मिळतो; घालवायच्या पाण्याला शहरात उतारच नाही. जे काम गुरुत्वाकर्षण करते ते इथे माणसाला करावे लागते.

त्या रात्री माणसे कमरेभर पाण्यातून, एकमेकांचे हात धरून, दहा-दहा कोस चालत घरी गेली. अनोळखी घरांनी दारे उघडली, चहा दिला, कोरडे कपडे दिले. मोटारींच्या काचा वर असताना वीज बंद पडली आणि माणसे आतच गुदमरली. साकीनाक्याला टेकडीच घरांवर आली. त्या अतिवृष्टीत राज्यभरात हजारावर माणसे गेली. पुढे डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, तिने २००६ साली अहवाल दिला, आणि कपाटातला तो १९९३ चा अहवाल बाहेर निघाला. केंद्राने १२०० कोटी रुपये मंजूर केले. खर्च त्याच्याही पलीकडे गेला.

मग हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशी सहा उदंचन केंद्रे एकामागून एक झाली. त्यांना दारे आहेत आणि पंप आहेत: भरती आली की दार मिटायचे आणि आतले पाणी उपसून बाहेर फेकायचे. उघाडीच ती, विजेवर चालणारी. माहुल आणि मोगरा येथली केंद्रे जागेच्या वादात कितीतरी वर्षे रखडली. परळच्या हिंदमाता परिसरात तर दर वर्षी पाणी साचायचे. तिथले पाणी तात्पुरते साठवायला मैदानांखाली टाक्या बांधल्या. टोकियोजवळ कासुकाबे येथे जपान्यांनी याच कल्पनेवर जमिनीखाली देवळासारखे खांब असलेले एक प्रचंड टाके २००६ साली पुरे केले आहे. आपले त्यापुढे लहान. पण सिद्धगडावरचे टाके आणि हिंदमात्याचे टाके यांचे कुळ एकच, याचा मला आनंद वाटतो.

काम झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पूर्वी दोन दिवस राहणारे पाणी आता पुष्कळ ठिकाणी दोन तासांत उतरते. पण २९ ऑगस्ट २०१७ ला पाणी जावे म्हणून उघडलेल्या एका मॅनहोलमध्ये पडून शहरातले एक नामवंत डॉक्टर वाहून गेले. घर अगदी जवळ आले होते. आणि २६ मे २०२५ ला, म्हणजे मृगाच्याही आधी, पाऊस आला तेव्हा वरळीच्या आचार्य अत्रे चौकातले भुयारी रेल्वेचे कोरे करकरीत स्थानक चिखलाच्या पाण्याने भरले. ज्या वरळीला हॉर्नबीच्या काळात समुद्राशी तडजोड झाली होती, त्याच परिसरातली ही गोष्ट.

श्रोतेहो, इथवर ऐकून मुरबाड-शहापूरचा श्रोता म्हणेल, हे झाले मुंबईचे, आमचे काय? तर आता उल्हासच्या काठाने थोडे मागे चला.

अंबरनाथचे शिवालय आपण पाहिलेच असेल. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधले, शिलाहारांच्या काळचे ते देऊळ. वालधुनीच्या अगदी काठाशी आहे. गाभारा पायऱ्या उतरून खाली. साडेनऊशेहून अधिक पावसाळे त्याने पाहिले आणि ते उभे आहे. वालधुनीच्या काठाने पुढे उल्हासनगर लागते. १९४९ साली फाळणीने बेघर झालेल्या सिंधी बांधवांच्या छावणीचे ते शहर झाले; बिचाऱ्यांनी मिळेल त्या जागेवर घरे केली. पुढे कल्याण. कारखाने आले, चाळी आल्या, आणि देवळापुढून वाहणारी ती नदी दोन्ही काठांनी दाबून नाला केली गेली. २००५ च्या त्याच दिवशी ती घराघरांत शिरली. मिठीची जी कथा, तीच वालधुनीची. फक्त तिच्याविषयी लिहिणारे कमी.

२६ जुलै २०१९ ची रात्र. पुन्हा तोच म्हातारा पाऊस. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या मधे थांबली; चहूकडे उल्हास पसरली होती. सुमारे १०५० माणसे रात्रभर डब्यांत अडकून पडली आणि दुसऱ्या दिवशी बोटींनी एकेकाला बाहेर काढावे लागले. सगळे वाचले. काठावरच्या गावांतल्या लोकांनी त्यांना जेवू घातले. पण आगगाडी जिथे अडकली ती जागा काही निराळी नव्हती. नदी पावसाळ्यात जिथे पसरते तिथेच ती पसरली होती.

कल्याण-मुरबाड रस्त्याने आज जाणारा माणूस दोन्ही बाजूंना पाहील तर त्याला भातखाचरांत डंपरने ओतलेल्या मातीचे ढीग दिसतील, आणि त्यावर नव्या वसाहतीची पाटी. खाचर म्हणजे नुसते शेत नव्हे. वीतभर बांधाचे ते तळेच आहे. वितभर पाणी एका एकरात अडले तर ते आठ लाख लिटरांच्या पुढे जाते. आणि अशी खाचरे एकाखाली एक, पायऱ्यांसारखी, डोंगराच्या पायथ्यापासून नदीपर्यंत. ती एकदा भरून टाकली की हे पाणी त्याच रात्री खाली जाणार. त्या वसाहतींची गटारे मी पाहिली आहेत. रस्त्याच्या कडेला हातभर रुंद, वर फरशी. ती पुढे कुठे जातात म्हणून मी त्यांच्या कडेकडेने चालत गेलो. काही शेजारच्या खाचरात जातात. त्या खाचराचे पुढल्या वर्षी प्लॉट पडायचे होते.

तिथे एक म्हातारबा भेटले. बांधावर इरले घेऊन उभे होते. पाऊस वाढला होता आणि त्यांचे खाचर काठोकाठ भरले होते. “बाबा, काय करता?” म्हटले. म्हणाले, “तोंड पाडतो बांधाला. नायतर बांधच घेऊन जायाचा तो.” आणि त्यांनी फावड्याच्या दोन घावांत बांध फोडला. पाणी खालच्या खाचरात उतरले. तिथे त्यांचा भाऊबंद उभा होता. त्याने आपल्या बांधाला आधीच तोंड पाडून ठेवले होते.